एका राणीचे केस

चिनी राजवाड्यात माझा प्रवेश झाला तो भाचीच्या मोबाइलमधून. मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे पंधरा दिवस राहावयास आली होती. दिवसा आंबे आणि रात्री चिनी मालिका, असा तिचा क्रम. तोवर चीन म्हटला की मला आठवे तो शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग; पाठीवर पोथ्यांचे ओझे घेतलेला, सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन इथल्या माणसांचा मानीपणा लिहून ठेवणारा. त्यापुढे माझी मजल गेली नव्हती. मी मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली बावीस वर्षे मुलांना स्थिरचित्र व अक्षरलेखन शिकवते आहे. मधल्या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. चिनी भाषेचा गंध नाही. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे धावतात, पण तीही सगळी वेळेवर वाचून होत नाहीत. म्हणून मी आधी पाहिले ते रंग.

मालिकेचे नाव ‘येन्शी महालाची कथा’. २०१८ सालची, सत्तर भागांची. राजवाडा म्हटल्यावर लाल आणि सोनेरी रंगाचा जो भडिमार आपण अपेक्षितो, तो तीत नाही. राखेत कालवलेला निळा, वाळलेल्या गुलाबाचा फिका रंग, शेवाळी हिरवा. इटालियन चित्रकार मोरांदी याच्या बाटल्या आणि बरण्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे रंग ओळखीचे वाटतील. चीनमधल्या प्रेक्षकांनीही त्याचेच नाव घेतले. या मालिकेतली पहिली पट्टराणी, फूचा घराण्यातली, केसांत हिरेमोत्ये घालत नाही. रेशमाच्या तंतूंची, मखमलीसारखी मऊ फुले घालते. मला वाटले, ही वेशभूषाकाराची हौस असेल. पुढे वाचनात आले की फूचा राणी मोती-पाचू टाळून अशीच कृत्रिम फुले माळीत असे, ही नोंद छिंग घराण्याच्या इतिहासातच आहे. मालिकेसाठी ती फुले नानकिंगच्या जुन्या कारागिरीतून करून घेतली. एका ओळीच्या नोंदीवरून कोणीतरी इतके कष्ट घ्यावेत, हे पाहून माझा या मंडळींवर विश्वास बसला. तो तसा बसावयास नको होता, हे मागाहून कळले.

या कथेतला बादशहा छिएनलुंग. त्याचे राज्य १७३५ ते १७९५, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावापासून सवाई माधवरावापर्यंत. नायिका एक हलक्या चाकरीतून वर चढणारी तिखट जिभेची मुलगी. खलनायिका नारा घराण्यातली दुसरी पट्टराणी. आरंभी सालस, मग घरच्यांच्या दुःखाने कडवट झालेली, आणि शेवटी सत्तर भागांतली सगळी पापे जिच्या पदरी टाकावीत अशी. मी तिचा मनापासून द्वेष केला. असा द्वेष करण्यात एक सुख असते, हे कादंबरी वाचणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना सांगावयास नको.

ती संपताच भाचीने दुसरी मालिका लावली. ‘रूयी’. ही सत्त्याऐंशी भागांची. तोच बादशहा, तेच महाल, आणि सालही तेच, २०१८. दोन्ही मालिका एक महिन्याच्या अंतराने लोकांपुढे आल्या. तीन-चार भाग झाल्यावर मी भाचीला म्हटले, “अगं, ही बाई कोण? हिला कुठे तरी पाहिलंय.” ती म्हणाली, “मावशी, ही तीच. नारा राणी. या मालिकेत ती चांगली आहे.” आणि पहिल्या मालिकेतली ती तिखट, लाडकी नायिका? ती इथे पाताळयंत्री, विष पेरणारी. फूचा राणी तिथे देवता होती, इथे मत्सराने पोखरलेली. ज्याने कोणी दोन्ही मालिका लागोपाठ पाहिल्या असतील, त्याला रामायण संपवून उठावे आणि शेजारच्या देवळात कैकेयीचे कीर्तन चाललेले असावे, तसे वाटले असेल.

एकाच बाईचे हे दोन परस्परविरोधी जन्म एकाच वर्षी कसे झाले? मी चाळिशी उलटलेली बाई, शाळेच्या परीक्षांचे गठ्ठे बाजूला ठेवून, मिळेल ते इंग्रजी वाचत बसले. हाती लागले ते फार थोडे होते. पण जे होते, ते दोन्ही मालिकांहून मोठे होते.

नारा राणीचा जन्म १७१८ चा. छिएनलुंग गादीवरही बसला नव्हता तेव्हापासून ती त्याच्या घरात. १७४८ मध्ये फूचा राणी प्रवासात, देझौ येथे वारली. आधी दोन मुलगे गमावलेली ती बाई आजारी होती. (‘येन्शी महाला’त ती उंच बुरुजावरून उडी घेते. दृश्य सुंदर आहे. घडलेले मात्र नाही.) १७५० मध्ये नारा पट्टराणी झाली. पुढील पाच वर्षांत तिला तीन मुले झाली, त्यांपैकी एक मुलगा तेवढा जगला. पंधरा वर्षे ती बादशहाबरोबर देवळांत, शिकारीत, प्रवासात आहे. मग १७६५ उजाडते. बादशहाची दक्षिणेकडील चौथी स्वारी. बरोबर त्याची आई, राणी, इतर स्त्रिया. वाटेत राणीचा वाढदिवसही साजरा झाला. स्वारी हांगचौला पोहोचली.

छिंग दरबार कागदाच्या बाबतीत आपल्या पेशवे दफ्तराचा भाऊच म्हणावा लागेल. कोणत्या वेळी बादशहापुढे कोणते ताट आले आणि त्यातले काय कोणाला पाठविले, हेही रोजकीर्दीसारखे लिहून ठेवीत. हांगचौ येथील त्या दिवशीच्या सकाळच्या जेवणाच्या नोंदीत बादशहाने राणीला पाठविलेल्या पदार्थाचा उल्लेख आहे. संध्याकाळच्या जेवणात ती नाही. मधल्या काही तासांत काय झाले, ते कागद सांगत नाही. एका सरदाराबरोबर तिला जलमार्गाने पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, परत धाडले. त्याच उन्हाळ्यात मालिकेतल्या त्या तिखट नायिकेचे मूळ असलेली वेइ घराण्यातली स्त्री राणीच्या खालोखालच्या पदावर चढली. त्याच वर्षी नाराची चारही पदांची मानपत्रे काढून घेतली. १७६६ च्या ऑगस्टात ती वारली, तेव्हा बादशहा उत्तरेकडे शिकारीच्या मोहिमेवर होता. तो परतला नाही. मुलाला तेवढे पाठविले. फर्मान निघाले ते असे, की राणी एकाएकी पालटली, सासूबाईंपुढे तिने आपले कर्तव्य पाळले नाही, हांगचौला ती वेड लागल्यासारखी वागली. तिचे पद मी काढून घेतले नाही, हीच माझी कृपा. अंत्यविधी मात्र राणीचा नव्हे, एक पायरी खालचा. तिला स्वतंत्र थडगेही नाही. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या एका सवतीच्या तळघरात, एका बाजूला, तिची पेटी ठेवली.

वेड लागल्यासारखी म्हणजे कशी? हे उघडपणे बाहेर आले ते तिच्या मृत्यूला बारा वर्षे झाल्यावर, आणि तेही एका वेड्या धाडसी माणसामुळे. १७७८ मध्ये बादशहा पूर्वजांच्या समाधींच्या दर्शनास मुकदेनकडे गेला असता जिन त्सुंगशान नावाच्या एका साध्या पदवीधराने वाटेत अर्ज गुदरला. त्याच्या मागण्या चार. त्यांतल्या एकीत नवी राणी करावी असे होते, आणि एकीत बादशहाने आपली चूक कबूल करणारे फर्मान काढावे असे. बादशहा खवळला. आपण निर्दोष आहोत हे पटविण्यासाठी त्याने जे सांगितले त्यात ते वाक्य येऊन गेले: तिने आपले केस आपल्या हाताने कापले. अर्जदाराचे डोके उडविले गेले. इतकेच. का कापले, कोणापुढे कापले, एक बट की सगळे, यांबद्दल एक अक्षर नाही.

केस कापले, यात एवढे काय, असे आजची मुलगी विचारील, भाचीने विचारलेच. मांचू लोकांत स्त्रीने केस कापावयाचे ते नवरा वारला म्हणजे, किंवा सासू वारली म्हणजे. दोघेही त्या वेळी हांगचौत जिवंत होते, एकाच मुक्कामावर. बादशहा जिवंत असताना पट्टराणीने केसांना कात्री लावली, याचा अर्थ एकच होतो, आणि तो उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती.

केस हा त्या राज्यात राजकारणाचा विषय होता, हे ध्यानात घेतल्यावाचून या कात्रीची धार कळणार नाही. मांचूंनी चीन जिंकला तेव्हा १६४५ मध्ये त्यांनी प्रत्येक चिनी पुरुषाला पुढचे डोके भादरून मागे वेणी ठेवावयास लावले. न ठेवील त्याला मरण. हजारोंनी मरण पत्करले. १७४८ मध्ये फूचा राणी वारली तेव्हा दंडक होता की शंभर दिवस कोणी डोके भादरू नये. काही अधिकाऱ्यांनी भादरले. एका मोठ्या सुभेदाराला त्यापायी आत्महत्येचा हुकूम झाला. आणि नारा राणीला जाऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १७६८ मध्ये, हांगचौच्याच मुलखात अफवा उठली की जादूगार लोकांच्या वेण्या कापून आत्मे चोरीत आहेत. भिकाऱ्यांना व भटक्या साधूंना लोकांनी झोडपून मारले. बादशहाने त्यात बंडाचा वास घेतला आणि प्रांतोप्रांती छळ मांडला. पहिल्या राणीसाठी केस वाढविणे, दुसऱ्या राणीने केस कापणे, आणि मग प्रजेच्या वेण्या. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. पण बादशहा तोच होता, आणि कात्रीचा शब्द निघाला की त्याला काय काय आठवत असेल, असे मनात येते खरे.

मराठी बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आजी तिच्या आत्याची हकिकत सांगे. ती सोळाव्या वर्षी परत आली. न्हावी यावयाचा त्या दिवशी मुलांना माडीवर धाडीत आणि खाली मागीलदारी नुसता पाण्याच्या तांब्याचा आवाज येई. आत्या रडत नसे, असे आजी म्हणे, आणि तेच तिला सगळ्यांत भयंकर वाटे. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनीच विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असे ठरविले, ही आपल्या इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. आमच्याकडे नवरा मेल्यावर दुसऱ्यांनी केस घ्यावयाचे. तिथे नवरा जिवंत असताना तिने स्वतः घेतले. मधले अंतर केवढे आहे! आणि ते अंतर तोडावयाला त्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला एका सकाळ-संध्याकाळइतकाच अवधी लागला असेल, किंवा पंधरा वर्षे लागली असतील.

आता पुन्हा मालिकांकडे. दोन्ही मालिका हांगचौला पोहोचतात आणि दोन्हींत कात्री निघते. तेवढे एक सत्य दोघींनाही टाळता आले नाही. ‘येन्शी महाला’त तो सर्वस्व हरलेल्या बाईचा उद्रेक आहे, आपण पाहतो, थोडेसे हळहळतो, आणि नायिकेचा मार्ग मोकळा झाला म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. ‘रूयी’मध्ये ते भांडण तळ्याकाठच्या गाणाऱ्या बायांवरून सुरू होते आणि राणी शांतपणे एक बट कापते, तरुणपणी ज्या दोघांनी एकमेकांवर जीव टाकला ती दोघे आता मेली, त्यांचे हे सुतक, असा तिचा भाव. चौ शुन या नटीने ते फार संयमाने केले आहे. तिची मान हलत नाही, फक्त डोळ्यांखालची एक शीर हलते. शिकविण्याजोगा अभिनय. पण मालिका म्हणून मला ‘रूयी’ जड वाटली. सत्त्याऐंशी भागांत मेलेल्या मुलांची आणि गर्भांची गणती राहात नाही. दुःखाचीही सवय लागते. ‘येन्शी’ खोटी असेल, पण ती झोपू देत नाही.

दोहोंच्याही आधी, २०११ मध्ये, ‘झेन हुआन’ नावाची मालिका आली होती, शहात्तर भागांची. भाची गेल्यावर ती मी एकटीने पाहिली, आणि तिघींत तीच सर्वश्रेष्ठ, असे माझे मत आहे. तिची मूळ कादंबरी एका काल्पनिक राज्यात घडते. दिग्दर्शकाने ती उचलून छिएनलुंगच्या बापाच्या, युंगजेंगच्या दरबारात नेऊन बसविली. म्हणजे बाई काल्पनिक, बादशहा खरा. पुढे त्याच लेखिकेने ‘रूयी’ लिहिली, तेव्हा ही काल्पनिक बाई सासूबाई होऊन तीत आली, आणि खऱ्याखुऱ्या नारा राणीला तिच्यापुढे गुडघे टेकावे लागले. कल्पनेला एकदा शिक्का मिळाला की ती पुढच्या पिढीला सासू होऊन बसते!

२०१९ च्या जानेवारीत बीजिंगच्या एका सरकारी दैनिकाने या अंतःपुराच्या मालिकांवर दोषारोप ठेवले: ऐषाराम, कारस्थाने, नफेखोरी, वगैरे. लागलीच दूरचित्रवाणीवरून त्यांची पुनःप्रक्षेपणे थांबली. मला यातले काही दोष मान्य आहेत. सबंध साम्राज्य चार अंगणांत कोंबले जाते. त्याच काळात छिएनलुंगच्या फौजा झुंगार लोकांचा निःपात करून मध्य आशियापर्यंत गेल्या, हे पाहणाऱ्याला कळतही नाही. परंतु सरकारने रागे भरावे असे त्यांत काय होते, ते मला उमगले नाही. नारा राणीबद्दल सर्वांत मोठी लबाडी मालिकांनी केलेली नाही. ती करणारा बादशहा होता. त्याने कागद रिकामा ठेवला, आणि रिकाम्या कागदावर कोणीही येऊन लिहितो.

चित्रकला शिकविणारी बाई आहे, म्हणून मी तिचा चेहरा शोधला. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात एक लांब रेशमी गुंडाळी आहे. तिच्यात छिएनलुंग, त्याची पट्टराणी आणि अकरा स्त्रिया ओळीने रंगविल्या आहेत. हे काम मिलानहून आलेल्या कास्तिग्लिओने या जेसुइट चित्रकाराचे व त्याच्या दरबारी सहकाऱ्यांचे. युरोपची छायाप्रकाशाची रीत आणि चिनी सपाटी यांचा त्याने जो मेळ घातला, तो मी मुलांना मोठा करून दाखवते. त्या गुंडाळीत पहिली राणी फूचा आहे, वेइ आहे, पुष्कळ नंतर आलेल्या मुलीही आहेत. नारा नाही. मी नावे दोनदा मोजली. कास्तिग्लिओनेही वारला तो १७६६ च्या जुलैत, पेकिंगमध्येच, तिच्याआधी महिनाभर. त्याने तिला अनेकदा पाहिले असणार. तिचे नाव घातलेले एकही चित्र अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाही.

हे सगळे मी केवळ चीनसाठी वाचत बसले नव्हते, हे आता सांगून टाकते. पंधरा वर्षांपूर्वी मी माझी पहिली कादंबरी लिहिली ती नारायणराव पेशव्यांच्या खुनावर. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी. हा भाग पुण्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक. तीत एक प्रकरण आहे: आनंदीबाई रात्री समईपाशी बसतात, ‘धरावे’चा ‘मारावे’ करतात. त्या प्रकरणाचे कौतुक झाले. त्यांच्या बोटांवरचा शाईचा डाग, बोरूची कुरकुर, बाहेर पावसाची झड, हे सगळे मी घातले होते. अक्षरलेखन शिकविणाऱ्या बाईला ‘ध’चा ‘मा’ करण्याची हातोटी रंगवावयास किती वेळ लागणार? मोडीत ती खोड कशी बसेल, याचाही मी सराव केला होता. त्यानंतर साताऱ्याकडच्या एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. दोनच ओळी. प्रकरण आवडले, असे होते, आणि खाली विचारले होते: तो कागद आपण कोठे पाहिलात?

मी उत्तर पाठविले नाही. राग आला होता. कादंबरीकाराला असले प्रश्न विचारू नयेत, असे मी चारचौघांत म्हणतही असे. तो कागद मी पाहिलेला नव्हता. दफ्तरातून तो कोणी काढून दाखविला आहे असे नाही. गोष्ट बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आली. राजवाड्यांपासून सगळ्यांनी बखरींना कागदाच्या कसोटीवर घासावयास शिकविले, ते मी भाषणांत सांगत असे आणि रात्री घरी येऊन समई पेटवीत असे. आनंदीबाई निर्दोष होत्या असे माझे म्हणणे नाही. त्या होत्या किंवा नव्हत्या, हे माझ्या समईच्या उजेडात दिसण्यासारखे नव्हते, आणि मी मात्र दिसले म्हणून सांगितले. नारा राणीला निदान त्याच वर्षी दुसरी मालिका मिळाली. आनंदीबाईंच्या वाट्याला माझ्यासारख्याच बाया अधिक आल्या.

यंदा प्रकाशकांनी त्या कादंबरीची नवी आवृत्ती काढावयाची ठरविली आहे. प्रुफे गणपतीतच आली. सगळी तपासून झाली, ते एक प्रकरण राहिले. कधी वाटते, ते काढूनच टाकावे. पण मग खून कशाने घडतो? कधी वाटते, समई राहू द्यावी, आनंदीबाई राहू द्याव्यात, फक्त बोरू काढावा. भाचीला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, “मावशी, दुसरी कादंबरी लिही ना, तिच्या बाजूची!” म्हणजे माझी ‘रूयी’! तेही मला नको आहे. तिकडे ‘रूयी’चे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, आणि तरीही हांगचौच्या त्या दुपारबद्दल त्यांना ‘येन्शी’वाल्यांहून तसूभर अधिक ठाऊक नाही.

प्रुफे टेबलावर आहेत. ते पोस्टकार्डही शोधून वर ठेवले आहे. पत्ता अजून वाचता येतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हींचा निकाल लावावयाचा आहे.